गोळी आधी, सुई नंतर

आमच्या आरोग्य केंद्रातल्या कामांत लिहिण्यासारखं काही असतं असं मला कधी वाटलं नव्हतं. सगुण परब निवृत्त झाल्यावर दोन-तीन जण म्हणाले की त्याचं काहीतरी लिहून ठेवायला हवं. ज्याला सगळं ठाऊक आहे असा आता मीच उरलो आहे, म्हणून लिहितो. कुठे चुकलं तर दोष माझा.

सगुण मूळचा सातार्ड्याचा, म्हणजे पेडण्याच्या पलीकडच्या तीरावरचा. वडील डिचोलीच्या खाणीवर कामाला आले आणि कारापूरला घर करून राहिले. सत्याऐंशी साली गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्याच पावसाळ्यात सगुण मलेरियाचा फील्ड वर्कर म्हणून लागला. डिचोलीच्या केंद्राच्या पाटीवर तेव्हा दमण आणि दीव ही नावं तशीच होती. ती खोडायला आलेला रंगारी शिडीवरच थंडीने कुडकुडू लागला. सगुणच्या सुईने घेतलेलं पहिलं रक्त त्याचंच.

काम साधं होतं. घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटाला सुई टोचून थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि क्लोरोक्विनच्या चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या. काचपट्टी तालुक्याला जायची आणि निकाल आठवड्याने यायचा, म्हणून ताप दिसला की गोळ्या लगेच द्यायच्या असा तेव्हा नियमच होता. आधी सुई, मग गोळी. सगुणनेही पहिलं वर्षभर तसंच केलं.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात डिचोलीजवळ ट्रकांत खनिज भरायच्या एका लोडिंग पॉइंटवर त्याला केरबा भेटला. चंदगडकडचा, ट्रकवर क्लीनर. ट्रकच्या सावलीत टायरला टेकून बसला होता. सगुणने विचारलं तेव्हा म्हणाला, "काय न्हाई ओ, जरा कसर हाय अंगात." सगुणने सुई टोचली, थेंब घेतला. गोळ्या द्यायला पाणी हवं होतं आणि तिथल्या पिंपातलं पाणी खनिजाच्या धुळीने तांबडं झालेलं. तो कँटीनमधून स्वच्छ पाणी आणायला गेला. परतला तोवर ट्रक भरला होता, ड्रायव्हरने हॉर्न दिला होता आणि केरबा चढून निघून गेला होता. सगुणने ठरवलं, उद्या देऊ.

उद्या तो ट्रक दुसऱ्याच जेटीकडे गेला. चौथ्या दिवशी केरबाला केंद्रात बेशुद्ध आणलं, पणजीला नेताना वाटेतच तो गेला. मेंदूचा मलेरिया. गावाहून त्याची बायको अनुसया आली. तिने सगुणला एकच विचारलं, "गोळी दिली हुती न्हवं तुमी?" आणि सगुण म्हणाला, दिली होती.

हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवसापासून त्याने काम उलटं केलं. पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली आणि एक स्टीलचा कोप, म्हणजे पेला, ठेवू लागला. तापाचा माणूस दिसला की आधी नाव लिहायचं, मग गोळ्या, मग जीभ वर करून तोंड दाखवायला लावायचं, आणि सुई शेवटी. खाणीवरची माणसं सुईला भिऊन पळायची, पण गोळी पोटात गेल्यावर पळाली तरी सगुणला चालायचं. काचपट्टी काय, उद्याही मिळेल. वीस-बावीस वर्षांत त्याचा हा हात एवढा बसला की आपण काही वेगळं करतो हे तो विसरूनच गेला.

मी पेडण्याच्या केंद्रात औषधं देणारा होतो. सगुण २०११ साली बदलून आमच्याकडे आला. तोवर नियम बदलला होता. तपासणीत मलेरिया निघाल्याशिवाय गोळी द्यायची नाही. जागेवर तपासायचं किट आलं होतं, पंधरा मिनिटांत निकाल. सगुणने ते प्रशिक्षण घेतलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "गोकुळबाब, चार पाकिटां क्लोरोक्विन दी." मी विचारलं नाही. दिली. दर महिन्याला देत गेलो.

पेडण्यात तेव्हा हरमलकडे पर्यटकांसाठी खोल्यांवर खोल्या चढत होत्या. बांधकामावर बेळगाव, कोल्हापूरकडचे मजूर. प्रत्येकाचं रक्त तपासून हेल्थ कार्ड करून देणं हे सगुणचं काम. स्कूटरवरून तो दिवसभर फिरायचा. वाटेत भेटला तरी स्कूटर बंद करायचा नाही, चालू ठेवूनच बोलायचा. कोणी थांबवून चहा दिला तर उभ्यानेच पिऊन कप परत द्यायचा.

२०१३ च्या जुलैत स्नेहा आली. पणजीच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणारी, बेळगावची, वय अठ्ठावीस-एकोणतीस. तिला मलेरियाच्या रुग्णांचं ताजं, जिवंत जंतू असलेलं रक्त हवं होतं. अट एकच, रुग्णाने आधी कुठलंही औषध घेतलेलं नको. वेगवेगळ्या तीन केंद्रांतून ती रक्त गोळा करणार होती. आमच्याकडे सगुणने जागेवर किटने तपासायचं, तिचा फॉर्म भरायचा, मलेरिया निघाला तर माणसाला स्कूटरवर बसवून केंद्रात आणायचं. तिथे ती दंडातून रक्त काढणार आणि मग डॉक्टर उपचार सुरू करणार.

ती काय शोधते आहे हे तिने पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. माणसात शिरलेल्या मलेरियाच्या जंतूला पाय नसतात, पंख नसतात, तरी तो रक्तातल्या तांबड्या पेशीत घुसतो. त्याच्या पातळ सालीखाली प्रोटीनच्या बनलेल्या बारीक मोटारी असतात. इंधन जाळून त्या खेचतात, आणि त्या ओढीवर जंतू पेशीत शिरतो. पेशीत शिरता आलं नाही तर तो थोड्या वेळात मरतो. जुनी औषधं त्याच्या पोटात विष साठू देतात, पण जंतू हळूहळू त्यातून वाट काढायला शिकला आहे. म्हणून सरळ मोटारच अडवायची. तशा एका रसायनावर तिचं काम चाललं होतं.

सगुण दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे ट्रक मोडूचो नाय, चावी काढून घेवची."

स्नेहा हसली आणि म्हणाली की सगुणबाब, हे मी पुढच्या भाषणात वापरणार.

एकदा तिने त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. नुकत्याच काढलेल्या रक्ताचा थेंब होता, न वाळवलेला, न रंगवलेला. सगुणने पंचवीस वर्षांत हजारो काचपट्ट्या केल्या होत्या, पण त्या सगळ्या वाळवलेल्या. जंतू हलताना त्याने कधी पाहिलाच नव्हता. दहा-बारा मिनिटं काही झालं नाही, तो उठू पाहत होता. मग एका गोल जंतूमधून केसासारख्या शेपट्या फुटल्या आणि आजूबाजूच्या पेशींना सपासप फटके मारू लागल्या. पेशी इकडेतिकडे ढकलल्या जात होत्या. ही दुसरी मोटार, स्नेहा म्हणाली, हा जंतू डासाच्या पोटात जायला निघालेला नर आहे. सगुणने डोळा काढला नाही. तो बाहेर आला तेव्हा मला फक्त एवढं म्हणाला की इतकी वर्षं आपण मेलेलेच बघत होतो.

त्यानंतर त्याला त्या कामाची ओढच लागली. तापाचा माणूस सापडला की स्कूटर भरधाव केंद्रात. फेब्रुवारीपर्यंत त्याने सव्वीस जण आणले. स्नेहाचा रक्ताच्या नळ्यांचा डबा घेऊन जाणाऱ्या गाडीमागे तो फाटकापर्यंत जायचा आणि डबा हलू देऊ नका म्हणून ड्रायव्हरला बजावायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी स्नेहा आली ती आनंदात. तिने सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दोन केंद्रांतल्या रक्तात जंतू थांबवायला जेवढं रसायन लागत होतं, त्याच्या पावपट पेडण्याच्या रक्तात पुरत होतं. सव्वीसच्या सव्वीस वेळा. मजुरांबरोबर आलेल्या जंतूची मोटार कुठेतरी कमजोर असावी असा तिचा अंदाज होता. मार्चमध्ये तिला बंगळूरला हे मांडायचं होतं. तिचे वरिष्ठ इतके खूश होते की पुढची सगळी माणसं आणि वेळ ह्याच रसायनावर लावायचं ठरत आलं होतं. तपासात असलेली बाकीची दोन रसायनं बाजूला ठेवणार होते.

"हे सगळं सगुणबाबांमुळे," ती म्हणाली. "आमच्यात औषध न घेतलेलं रक्त मिळणं हीच मोठी गोष्ट असते. थोडंसं जरी क्लोरोक्विन असतं ना रक्तात, तर दोन्ही मिळून जंतू मेले असते आणि आम्ही आमच्याच औषधाची पाठ थोपटत बसलो असतो."

सगळे हसले. सगुणही हसला, आणि कप तसाच टेबलावर ठेवून बाहेर गेला.

तासाभराने तो माझ्या खिडकीशी आला. रांगेत चार माणसं होती, त्यांना ओलांडून पुढे आला नाही, पाचवा उभा राहिला. पाळी आल्यावर म्हणाला की फॉर्म आधी भरलेला असतो. औषध घेतलंय का विचारतो, नाही म्हणतात, नाही लिहितो. मग गोळी देतो. मग किट. मग केंद्रात आणेपर्यंत दीड-दोन तास जातात.

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर मी आधी मागचं कपाट बंद केलं, कारण त्या गोळ्या तिथल्याच होत्या.

मी त्याला काय सांगितलं ते लिहायलाच हवं. मी म्हटलं, गप्प राहा. प्रयोगशाळेतली मोठी माणसं आहेत, त्यांचं त्यांना पुढे कळेलच. तुझी नोकरी सहा वर्षं राहिली आहे. कोणी मेलेलं नाही, उलट सव्वीस माणसं बरी होऊन गेली.

तो ऐकून घेऊन निघून गेला.

पुढचे पाच दिवस त्याला पाहणं अवघड होतं. सकाळी हरमल, तिथून परत, पुन्हा हरमल. ज्या बांधकामावर काल जाऊन आला तिथेच आज परत. एका मुकादमाने मला फोन करून विचारलं की परबांना बरं आहे ना, कारण ते इथे येतात, चारी बाजूंनी फिरतात आणि न बोलता जातात. दोनदा तो स्नेहाच्या टेबलापर्यंत गेला. एकदा तिने मान वर करून विचारलं, काही काम होतं का? तर त्याने खिडकी बंद करू का असं विचारलं आणि खिडकी बंद करून आला.

त्या पाच दिवसांतच एकदा मी कारापूरला त्याच्या घरी गेलो. काहीतरी निमित्त काढलं होतं, आता आठवत नाही. त्याची बायको सुलोचना म्हणाली की हे जेवता जेवता उठतात, हात धुऊन अंगणात जातात, आणि पुन्हा येऊन ताटावर बसतात. आम्ही बोलत असताना तो तुळशीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारत होता. ती तिथूनच त्याला म्हणाली, "काय ता कोणाक सांगूचा आसा, सांगान टाका. ही माती किती तुडवशात?"

तिला काय झालं ते ठाऊक नव्हतं. तो थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायलो.

शनिवारी स्नेहा डबे भरत होती. सोमवारी तिला बंगळूरला निघायचं होतं. सगुण आत गेला. मी औषधांचे खोके द्यायच्या निमित्ताने दारात होतो, म्हणून पुढचं ऐकलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमचा रगत चुकीचा आसा."

ती थांबली. "म्हणजे?"

"मिया आधी गोळी दितंय. मगे सुई."

"कुठली गोळी?"

"क्लोरोक्विन."

तिने हातातला डबा खाली ठेवला. किती जणांना, असं विचारलं.

"सगळ्यांका."

मग तिने फॉर्मची फाइल काढली आणि एकेक पान उलटत गेली, जणू एखाद्या पानावर तरी वेगळं लिहिलेलं असेल. सव्वीस पानं उलटून झाल्यावर तिने हळू आवाजात विचारलं, "का? नियम ठाऊक होता ना तुम्हाला?"

तेव्हा त्याने केरबाचं सांगितलं. टायर, तांबडं पाणी, हॉर्न. अनुसयाने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही. "तेव्हा खोटा सांगलंय," तो म्हणाला. "परत तसा करूक जमाचा नाय."

स्नेहा रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. तिने विचारलं की गोळी दिल्यापासून रक्त काढेपर्यंत प्रत्येकाचा किती वेळ गेला हे आठवेल का? त्याला बहुतेकांचं आठवत होतं. कोण कुठल्या साइटवरचा, वाटेत पंक्चर झालं होतं ते, कोण ओकला ते. ती लिहून घेत गेली. दुपार होईपर्यंत ते दोघे त्याच कामात होते, आणि मी तिसऱ्यांदा खोके ठेवून गेलो तरी कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी ती गेली आणि तिथल्या मोठ्या लोकांसमोर सांगितलं की पेडण्याचे आकडे मी मागे घेते. तिला काय ऐकावं लागलं ते तिने कधी सांगितलं नाही. परतली तेव्हा वाळलेली दिसत होती. इकडे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सगुणकडून लेखी खुलासा मागितला आणि पिशवी रिकामी करून घेतली. बाटली, कोप, राहिलेली पाकिटं. गोळ्या कुठून आणल्या ह्या प्रश्नाला त्याने लिहिलं, डिचोलीच्या जुन्या शिलकीतल्या. मी तो कागद वाचला. मला तेव्हाही अधिकाऱ्यांकडे जाता आलं असतं. दार पाच पावलांवर होतं.

पेडण्यातून पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. अधिकारी म्हणाले, ह्या वेळी दुसरा माणूस देतो. स्नेहा म्हणाली, नको. जो स्वतः येऊन चूक सांगतो, त्यानेच भरलेला फॉर्म मला हवा आहे.

पण सगुणलाच ते जमेना. गोळी न देता सुई टोचायची म्हणजे त्याचा हात आपोआप पिशवीत बाटली शोधायला जायचा. एकदा चौकशी करून त्याने नुसताच फॉर्म भरून आणला, सुई टोचलीच नव्हती. ताप वाढला तर, असं म्हणाला. स्नेहाने त्याला समजावलं की नव्या किटने पंधरा मिनिटांत कळतं, तासाभरात औषध पोटात जातं, आणि ते औषध क्लोरोक्विनपेक्षा बरं आहे. त्याला हे सगळं पटत होतं. हाताला पटत नव्हतं.

ऑगस्टमध्ये हरमलच्या एका साइटवर नितीन नावाचा मुलगा सापडला, बावीस वर्षांचा, गडहिंग्लजकडचा, सेंट्रिंगचं काम करणारा. ताप एकशे तीन. किटवर दुसरी रेघ उमटली, आणि ती वाईट जातीच्या मलेरियाची होती. सगुणने त्याला स्कूटरवर मागे बसवलं.

वाटेत नितीनला मळमळलं म्हणून थांबले. तेवढ्यात सावंतवाडीकडे जाणारी बस आली आणि नितीनने हात केला. म्हणाला, मी गावाकडंच जातो, तिथं आई हाय, इथं मरायचं न्हाई मला. बस थांबली. सगुणच्या खिशात एकही गोळी नव्हती. त्याने नितीनचं मनगट धरलं.

कंडक्टर ओरडला, "चढतास की नाय? काय मारामारी चल्ली हा काय?"

"मारामारी नाय," सगुण म्हणाला. "ह्यो माझो पेशंट. तासाभरान मी स्वता आणून बसयतंय गाडीत. आता सोडूचंय नाय."

नितीन रडायला लागला. मनगट सोडवायचा प्रयत्न त्याने केला, पण अंगात जोर नव्हता. बस गेली. सगुणने त्याला पुन्हा मागे बसवलं, त्याचे दोन्ही हात आपल्या पोटाशी ओढून आपल्याच रुमालाने बांधले आणि केंद्रापर्यंत तसाच आणला. हे नियमात बसत नाही, पण अधिकाऱ्यांना त्या दिवशी कोणी सांगितलं नाही.

स्नेहाने रक्त काढलं. नितीन पडून होता आणि सगुण खाटेशी पाण्याचा पेला घेऊन उभा होता. सुई बाहेर आली तशी त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी गोळ्या त्याच्याच हातावर ठेवल्या. नितीनने गिळल्या. सगुणने सवयीने सांगितलं, जीभ वर कर.

संध्याकाळी त्याने नितीनला बसमध्ये बसवलं नाही. स्वतःच परत हरमलला सोडलं आणि मुकादमाला सांगितलं की तीन दिवस ह्याला हलवायचं नाही, औषध तीन दिवसांचं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्नेहाचा फोन माझ्या खिडकीवरच्या नंबरावर आला. मी सगुणला बोलावलं. ती इतक्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू येत होतं. नितीनच्या रक्तातले जंतू रसायनाच्या पाव डोसला जगले होते. चांगले वाढले होते. पूर्ण डोस दिला तेव्हाच थांबले, दुसऱ्या केंद्रांत थांबत होते तसेच.

"म्हणजे औषध वायट?" सगुणने विचारलं.

ती म्हणाली की वाईट नाही, पण आपण समजत होतो तेवढं भारी नाही. बाजूला ठेवलेली दोन रसायनं परत काढणार आहोत, तिन्ही बरोबरीने तपासणार. वेळ लागेल. आणि तुमच्याकडून अजून पंचवीस जण हवेत.

"जगले?" त्याने पुन्हा विचारलं.

"जगले, सगुणबाब."

त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्याचं तोंड कसं झालं होतं ते मला सांगता येणार नाही. मी काहीतरी बोलायला गेलो, तोवर तो बाहेर पोचला होता. स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, आता कुठे?

"हरमल," तो म्हणाला. "तेची आजची गोळी ऱ्हवली आसा."